पुसलेला वण

शालनबाईच्या दुकानात पाय ठेवला की ती माणसाच्या तोंडाकडं बघायची नाही, हाताकडं बघायची. राम राम नाही, बसा नाही, काय काम काढलं नाही. "हात धुवून या." एवढंच. दाराबाहेर रांजण, त्याच्यावर पत्र्याचा मग. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझं टाळकंच सरकलं. म्हणलं, "मी काय शेण भरून आलो व्हय?"

"तंबाकू मळून आलाव," ती म्हणाली. "ती कॅसेटच्या फितीला चिकटली की तुमचा नवरदेव जलमभर तंबाकूतच नाचंल."

मी मुकाट्यानं हात धुतले. सत्तरीच्या माणसाला शाळेतल्या पोरासारखं माघारी धाडणारी बाई मी एकच पाहिली होती, ती माझ्या घरात होती. ती मेली म्हणूनच मी ह्या दुकानात आलो होतो.

मी चौथी शिकलेला. उभा जन्म ऊस तोडण्यात आणि राहिलेला बाजरीत गेला. लिहिणं माझं काम नाही. पण शालनबाईबद्दल आमच्या गावात एक गोष्ट सांगतात, हसून हसून सांगतात, की तिनं मेलेल्या बाईच्या जागी जित्या बाईचा फोटो करून दिला. ती गोष्ट खोटी आहे. मी तोंडानं सांगून बघितलं, कुणी मानलं नाही. म्हणून आता लिहून बघतो.

दुकान आष्टीत, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला चिकटून. पीठ उडून मशिनीत जायचं म्हणून तिनं दाराला ओलं पोतं टांगलेलं. पोतं वाळलं की हातातलं काम सोडून उठायची आणि पाणी शिंपडायची. वर पाटी, हातानं रंगवलेली: जुन्या लग्नाच्या कॅसेटी पेनड्राइव्हमधी भरून मिळतील. आत कंप्युटर, एक जुना टीव्ही, आणि कॅसेट लावायच्या मशिनी एकीवर एक रचलेल्या. त्यातली एक चालू असायची. बाकीच्या तिच्यासाठी मेलेल्या. हिचं चाक काढ, तिचा पट्टा काढ, असं करून ती एक जिवंत ठेवायची.

बाई उंच, हाडापेरानं दणकट, आणि उजवा खांदा कायमचा वर गेलेला. लांबून बघितलं तर वाटायचं, कुणाला तरी थांब म्हणून हात करतेय. त्याचं कारण असं की तिचे मालक लग्नाची शूटिंग काढायचे आणि ही त्यांच्याबरोबर दिवा धरायला जायची. त्या काळात गडी मिळायचा नाही असं नाही, पण गडी जेवायला बसला की उठायचा नाही. म्हणून बायको. मांडवात तो पांढरा भगभगीत दिवा हातात उंच धरून ती उभी, मागं वायरीचं वेटोळं. ती म्हणायची, "आख्ख्या तालुक्यानं माझ्याकडं डोळं बारीक करून बघितलंय. उघड्या डोळ्यानं एकानं बी न्हाई."

मालक गेल्यावर तिनं कॅमेरा विकला, मशिनी ठेवल्या, आणि पोरासोरांच्या क्लासात बसून कंप्युटर शिकली. पोरं खिदळायची. ती म्हणायची, "हसा लेकरांनो. तुमच्या आईबापाचं लगीन माझ्या पिशवीत हाय. लई हसलात तर चालू करीन."

कॅसेट हातात आली की ती आधी वास घ्यायची. झाकण उचलायचं, नाक लावायचं, डोळे मिटायचे. "ही चुलीपाशी व्हती." "ही पेटीत, डांबरगोळ्यात." एकाला म्हणाली, "ही म्हशीच्या गोठ्यात कावून ठिवली?" तो गडी कान पकडायला लागला. माझ्या कॅसेटचा वास घेऊन मात्र ती थांबली. परत घेतला.

"राख?"

"राख," मी म्हणलं. "आमची मंडळी कणगीत ठिवायची. जवारीत. राख अन् लिंबाचा पाला घालून, बियाणं ठिवत्यात तसं. म्हणायची, किडा लागू नये. येडी व्हती. कॅसेटला काय किडा लागतो?"

"लागतो," शालनबाई म्हणाली. तिनं खालच्या फळीवरून दुसरी कॅसेट काढून माझ्यापुढं धरली. फितीवर पांढरी बुरशी, लोणच्यावर येते तशी. "ही बड्या घरातली, काचंच्या शोकेसात ठिवलेली. बघा. अन् तुमची बघा. राखंनं चरे पडलेत, पण ओल धरली न्हाई. येड्या बाईचं काम हाय का हे?"

बायको मेल्यावर सुद्धा तिला येडी म्हणायची जिभेची सवय गेली नव्हती, आणि ती परक्या बाईनं धरली.

तिचं काम गिरणीसारखं नव्हतं, वरून टाकलं खालून निघालं असं. कॅसेट जेवढी, तेवढाच वेळ. तीन तासांचं लग्न तीन तासच चालणार. मधे पडद्यावर मुंग्या आल्या की थांबवायचं, फीत काढायची, मऊ कापडानं पुसायची, पुन्हा लावायची. गिऱ्हाइकाला ती शेजारी बसवून घ्यायची. "कोण कोण हाय ते सांगा. मला ठावं असलं म्हंजी मुंग्यांतून माणूस काढता येतो." म्हणून माझी पाळी येईपर्यंत तिच्याकडं बसून मी लोकांची लग्नं लई पाहिली.

एक दिवस आमच्या भागातला एक मोठा माणूस गाडीतून उतरला. जमीनजुमला, मागं चार माणसं. भावाभावांत वाटणीवरून फाटलेलं, तोंड बघत नव्हते. ह्याचं म्हणणं, घरातल्या जुन्या कॅसेटमधून भावाला काढून टाका, जिथं दिसेल तिथून. शालनबाई म्हणाली, "काढते की." मोठा माणूस खुश. तिनं कॅसेट चालू केली. वरातीत तो भाऊ नाचतोय, आणि त्याच्या खांद्यावर एक लहान पोरगं, हातात टोपी धरून खिदळतंय.

"हे पोरगं कुणाचं?" तिनं विचारलं.

"माझं," मोठा माणूस म्हणाला.

"मग भाऊ काढल्यावर ह्याला कुटं ठिवू? हवंत लटकू देऊ?"

मागच्या चार माणसांतल्या एकाला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. मोठा माणूस खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "चालू द्या पुढं." हात मात्र तिनं त्याला सुद्धा धुवायला लावले होते.

दुसरी एक बाई आलेली, तिच्या लग्नाच्या कॅसेटवर दिरानं कधी तरी आख्खा पिच्चर भरून ठेवलेला. शालनबाईनं कॅसेट शेवटापर्यंत पळवली. पिच्चर संपल्यावर लग्नाचं थोडं शेपूट राहिलेलं: मांडववाले खांब उपटतायत, खरकट्या पत्रावळ्या उडतायत, आणि एक कुत्री इकडून तिकडं हिंडतेय. ना नवरी ना नवरदेव. मला वाटलं बाई आता रडून गोंधळ घालणार. ती ओरडली, "अगंबाई, आमची ढवळी! माह्या मागं सासरपतुर आली व्हती ती!" आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. शालनबाईनं ढवळीच्या अंगावरच्या मुंग्या एक एक करून काढल्या. नवरीच्या काढाव्यात तशा.

अशी ती बाई. आता माझं सांगतो.

गया शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती. अंगावरून वारं गेलं, तोंड एका बाजूला ओढलं. मोबाइल समोर धरला की ती पदर ओढून घ्यायची. आधार कार्डावर फोटो होता, त्यात डोळे मिटलेले. वर्षश्राद्धाला कीर्तन ठेवलं, मांडवात मोठा फोटो लावायचा, तर लेक म्हणाली, "आबा, ते आधारवरलं भूत नको. माझ्या लग्नातली आई काढा. भरल्या तोंडाची." कांता म्हणजे माझी एकुलती एक लेक. तिच्या लग्नाची कॅसेट ती हीच, राखेतली. शूटिंग शालनबाईच्याच मालकानं काढलेली.

ते लग्न उसाचा हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर, उन्हाळ्यात झालेलं. घरातल्या बायकांना लुगडी मीच आणली होती, सगळ्यांना एकसारखी, पोपटी, लाल काठाची. एक भारी एक हलकं आणलं की बायका वर्षभर बोलून दाखवतात, म्हणून एकाच गठ्ठ्यातली. मला तेव्हा लई हुशारी केल्यासारखं वाटलं होतं. त्यात आणखी एक. माझी बायको आणि माझ्या धाकट्या भावाची बायको सख्ख्या बहिणी. गया थोरली, द्वारकी धाकटी. दोघी बहिणी एकाच घरात दिल्या. नाकडोळे एकाच साच्यातले. आणि मांडवात सासरे-चुलतसासरे बसलेले, त्यामुळं सगळ्यांचे पदर अर्ध्या कपाळापर्यंत.

पडद्यावर बायकांची रांग आली. शालनबाईनं चित्र थांबवलं.

"आबा, तुमची बायको कंची?"

मी बघितलं. पोपटी, पोपटी, पोपटी. माझ्या डोळ्यापुढं गयेचं तोंड आलं, पण ते वाकडं झालेलं, शेवटचं. त्याच्या आधीचं तोंड आठवायला गेलो तर काही हाताला लागेना. रांगेत एक बाई मान कलती करून हसत होती. मी तिच्यावर बोट ठेवलं. "ही."

"काचंला बोट लावू नका. ही व्हय? नीट बघा, घाई न्हाई."

"बघितलं."

"परत लावते मागून. चालताना बघा. माणूस चालीवरनं वळखू येतं."

"अवो बाई," मी चढ्या आवाजात म्हणलं, "उभा जलम काढला तिच्यासंगं. माझी बायको मला कळंना व्हय? तुमी दिवा धरायच्या, दिवाच धरा."

हे मी बोललो. गिरणी चालू होती, तरी तिला ऐकू गेलं. ती चित्र मोठं करायला लागली, मुंग्या काढायला लागली. तोंड हळूहळू साफ व्हायला लागलं. मग भुवईच्या वर एक आडवी रेघ दिसायला लागली.

"हे काय हाय? फितीचा चरा, का बाईचा वण?"

"गयेच्या कपाळावर काय नव्हतं. फितीचा असंल. राखंचा. पुसा."

"फितीचा चरा एका जागी ऱ्हात न्हाई, आबा. हा बाईच्या कपाळासंगं हालतोय." तिनं पुढं-मागं करून दाखवलं. "मी माणसाच्या तोंडावरलं काय पुसत न्हाई. पुसलेलं परत आणता येत न्हाई."

"पुसा म्हणलं ना! बायको माझी हाय का तुमची?"

तिनं पुसला. पहिल्यांदाच तिचा हात सावकाश चालताना पाहिला.

खरं सांगायचं तर मला पक्कं माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणायला तोंड उघडेना. बायको मरून वर्ष झालं नाही आणि नवऱ्याला ती ओळखू येत नाही, हे कुठल्या तोंडानं बोलायचं? मग रांगेतली जी हसरी, भरल्या तोंडाची दिसली ती मी माझी म्हणून टाकली. सोयऱ्याच्या घरून निघताना दुसऱ्याच्याच चपला उचलाव्यात तशी.

फोटो मोठा करून, चौकट घालून आणला. कुणाला दाखवला नाही, टॉवेलात गुंडाळून ठेवला. कीर्तनाच्या दिवशी कांतानं टॉवेल काढला आणि मोठ्यानं रडली, "माझी आई गं! कशी लक्षुमीवानी दिसायची!" सगळ्यांनी हार घातले. भाऊ म्हादूनं घातला. गावानं घातला. महाराज कीर्तनात म्हणाले, "ह्या माउलीच्या तोंडावरचं तेज बघा, मंडळी." मंडळींनी बघितलं. फुलं टाकायची वेळ झाली, सगळ्यांनी फुलं टाकली.

द्वारकी मागं स्वयंपाकाकडं होती. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू, लांबचं दिसत नाही. ती सावकाश आली, फुलं टाकली, फोटोपुढं डोकं टेकलं. उठताना फोटोच्या अगदी जवळ तोंड गेलं तिचं. तशीच थांबली. मग पदरानं डोळे पुसून परत बघितलं.

"दाजी," ती म्हणाली, "ही तर मी हाय."

कुणाला कळेना.

"मी हाय ही. माझ्या कपाळावरला वण कुटं गेला?" तिनं स्वतःच्या भुवईला हात लावला. ऊस तोडताना मोळी अंगावर येऊन पडली होती, तेव्हा लागलेलं. मी तिथंच होतो तेव्हा. चिंधी मीच फाडून दिली होती. आता सुरकुत्यांत तो वण मुरून गेला होता, आणि माझ्या ध्यानातून बी.

मग म्हादूनं पुढं होऊन फोटोतल्या आपल्या बायकोच्या गळ्यातले हार तोडले. दोनशे माणसांपुढं जित्या बाईच्या फोटोला फुलं वाहून झाली होती. बायका द्वारकीला आत घेऊन गेल्या, मीठमोहऱ्या उतरवायला लागल्या. जाता जाता ती माझ्याकडं वळून म्हणाली, "दाजी, ताईला कुणीच बघितलं न्हवतं व्हय हो?" रागानं नाही बोलली. विचारलं तिनं.

मी तिथंच, सगळ्यांपुढं म्हणलं, "चूक माझी हाय. मीच दाखवली ही."

कुणी ऐकलंच नाही. "आबाला काय कळतंय त्या मशिनीतलं," एक जण म्हणाला. "कॅम्पुटरवर तोंडं बदलत्यात आजकाल," दुसरा म्हणाला. तिसऱ्याला तर त्या बाईचा खांदा कसा वाकडा आहे तेही आठवलं. मला नंतर उमगलं. मी एकट्यानं चूक केली म्हणलं तर मग हार घातलेल्यांनी काय केलं होतं? कांता रडली होती, म्हादूला आपली बायको दिसली नव्हती, महाराजांना तेज दिसलं होतं. सगळ्यांनाच कुणी तरी बाहेरचं पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी कांता आणि म्हादू आष्टीला गेले. मी बी मागं लागून गेलो. कांतानं दुकानात जाऊन हात धुतले नाहीत, काही नाही, तो फोटो शालनबाईच्या टेबलावर आपटला. जे बोलायचं ते बोलली. गिरणीवरच्या बायका डबे घेऊन दारात गोळा झाल्या.

"बाईचा दोष न्हाई," मी म्हणलं. "मी बोट ठिवलं. ह्या नगं म्हणत व्हत्या."

"आबा, तुमी गप ऱ्हावा," कांता म्हणाली. "आई गेल्यापसनं तुमचं ध्यान ठिकाणावर न्हाई. एवढा जलम काढला तिच्यासंगं अन् तुमाला आई वळखू येत न्हाई? कुणाला सांगताव?"

दारातल्या बायकांनी मान डोलावली. एक म्हणाली, "बघा, म्हाताऱ्याचं काळीज. दुसऱ्याचं बी आपल्यावर घेतंय."

शालनबाईनं फोटो उचलला, पदरानं काच पुसली. म्हणाली, "पोरी, चूक माझ्या हातनं झाली. तोंडावरलं पुसायला नको व्हतं. म्या पुसलं." तिनं खोटं सांगितलं नाही, तिच्या वाटणीचं तेवढं सांगितलं. माझ्या वाटणीचं मी सांगितलं, ते चांगुलपणात जमा झालं. असला चांगुलपणा कुणाच्या पदरात पडू नये.

त्यानंतर तिच्याकडं गिऱ्हाईक कमी झालं. कॅसेटा घेऊन जाणारे आले, कॅसेटा देणारे नाही. मी काही दिवसांनी एकटा गेलो. दारात रांजणाशी हात धुतले, आत गेलो आणि उभा राहिलो. माफी मागायची होती, पण आम्हाला कुणी ती मागायला शिकवली नाही. मी म्हणलं, "पोतं वाळलंय." पाणी शिंपडलं.

"बसा," ती म्हणाली. कॅसेट लावली आणि टीव्हीचा पडदा बंद केला. नुसता आवाज.

"आता वळखा."

वाजंत्री, पोरांचा कालवा, आहेर पुकारणाऱ्याचा भोंगा. कुणाकुणाची नावं. मला काही समजेना. आणि मग एकदम जवळून, कानाला लागून:

"ए बाबा, माझं नको काढू रं. तिकडं जा नवरीकडं. अन् ह्यांला कुणी तरी पाणी द्या की गं, मघाधरनं वरडायलेत, घसा बसंल."

मला विचार करावा लागला नाही. माझ्या तोंडातून आलं, "गया." हे कांता म्हणाली असती, द्वारकी म्हणाली असती, पण मी म्हणलं. मी खुर्चीचे हात धरून बसलो.

शालनबाईनं पडदा लावला. कॅमेऱ्यापुढं एक तळहात आडवा. बोटांच्या फटीतून हनुवटी, पोपटी पदर. मागं मी, कुणावर तरी खेकसतोय.

"रांगंत ती न्हाईच, आबा," ती म्हणाली. "म्या आख्खी कॅसेट चाळली. जिथं जिथं लाईट आलाय तिथं तिथं ह्या बाईनं हात आडवा केलाय. तोंड कुटंच न्हाई. तवा दिवा माझ्याच हातात व्हता, अन् मला बी न्हाई दिसली."

आवाज तिनं पेनड्राइव्हमध्ये भरून दिला. मी कांताला ऐकवला. कांता लई रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मग त्या बाईनं हे आधीच कावून न्हाई दिलं?"

चूक माझी म्हणून मी आधीच दोनदा बोलून बसलो होतो.

पुढं पोतं दिसेनासं झालं. गिरणीवाल्यानं सांगितलं, लेकीकडं चालली, पुण्याला. त्या दिवशी मी आष्टीच्या स्टँडवर गेलो. ती गाडीत खिडकीशी बसलेली, मांडीवर ती चालणारी मशीन, गोधडीत गुंडाळून. मी खाली उभा. मी म्हणलं, "पोचल्यावर फोन करा." ती म्हणाली, "करीन की." आणखी काही बोलायच्या आत आमच्या गावातला दगडू तिथं आला, त्याच्याबरोबर दोघे-तिघे.

"काय शालनबाई," दगडू सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडला, "माझ्या लग्नाच्या कॅसेटात माझीच बायको हाय ना? का दुसऱ्याची घातली?"

ती गोधडीची गाठ घट्ट करत होती. वर न बघता म्हणाली, "तुमाला वळखू आली तर तुमचीच."

आख्खा स्टँड हसला. लोकांना वाटलं, बाईनं दगडूची जिरवली. ते बोलणं कुणाला होतं ते एकट्या मला कळलं. आता बोलावं, म्हणलं. सगळ्यांपुढं, गाडी सुटायच्या आत, ओरडून सांगावं. तेवढ्यात दगडूनं माझ्या पाठीवर थाप मारली. "काय आबा, लई जबर बाई हाय, न्हाई का?"

कंडक्टरनं घंटी मारली. मी बी हसलो. गाडी स्टँडाबाहेर वळली तरी मी हसतच होतो.